खुर्चीवरची व्यक्ती हरते तेव्हा



"जी खुर्चीवर बसली आहे, तिला कोण हलवणार?" असं आपण सहज म्हणून जातो. आज बघूया, खुर्चीवरची माणसंही कशी हरतात आणि हरल्यावर काय होतं.

१९७५ साली इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या. जूनमध्ये देशात आणीबाणी लागली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, अनेक ठिकाणी सक्तीने नसबंदी झाली. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि रायबरेलीत खुद्द पंतप्रधान ५५ हजारांहून जास्त मतांनी हरल्या. राजनारायण जिंकले.

त्याच निवडणुकीत आमच्या उत्तर मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेवर गेल्या. गोरेगावच्या मृणालताईंनी बायकांना घेऊन पाण्यासाठी मोर्चे काढले होते, म्हणून त्या 'पाणीवाली बाई'. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवासही भोगला. तेव्हाची घोषणा गाजली: 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!'

याच उत्तर मुंबईत राम नाईक १९८९ पासून सलग पाच वेळा निवडून आले. ते केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते. तरी २००४ साली पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या अभिनेते गोविंदा यांनी त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवलं. त्याच वर्षी लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशीही मुंबईत हरले. म्हणजे पद कितीही मोठं असो, मतपेटीपुढे सगळे सारखेच.

हरणं म्हणजे शेवटही नव्हे. १९७७ मध्ये इंदिराजींनी राजीनामा दिला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. १९८० साली लोकांनीच इंदिराजींना पुन्हा निवडून दिलं. राम नाईक पुढे उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाले.

अमेरिकेतही असं घडतं. जिमी कार्टर १९८० साली राष्ट्राध्यक्ष असताना हरले आणि शांतपणे घरी गेले. पुढे २००२ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. २०२० साली डोनाल्ड ट्रम्प हरले, पण त्यांनी निकाल मानला नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचे समर्थक संसदेच्या इमारतीत घुसले, माणसं दगावली. २०२४ साली मात्र तेच ट्रम्प मतांनीच परत आले.

म्हणून सांगते, मत देणं हे अर्धं काम. हरलेल्याने खुर्ची सोडणं, हे उरलेलं अर्धं.

आता आपल्या गटाकडे वळूया. कितीतरी गटांत वर्षानुवर्षं एकच अध्यक्ष असते. तिचं काम चांगलंही असेल. पण बदल हवा असला, तरी जाऊबाईंच्या विरोधात हात कसा वर करायचा, म्हणून बाया गप्प बसतात. यावर उपाय सोपा आहे. ठरलेल्या मुदतीनंतर निवड घ्या, तीही चिठ्ठी टाकून. निकालाचा ठराव इतिवृत्तात लिहा. बँकेत नव्या सह्या द्या. पासबुक, कर्जाची वही, शिक्का आणि हातातली रोकड सगळ्यांसमोर मोजून नव्या अध्यक्षांकडे सोपवा.

आणि जुन्या अध्यक्षांचे आभार मानायला विसरू नका. त्या हरल्या असतील, पण गटातून गेलेल्या नाहीत. उद्या कदाचित आपणच त्यांना पुन्हा निवडून देऊ.