विटीदांडूसाठी रस्ते मोकळे करणारं शहर: काय आहे इटलीतला 'तोकाती' महोत्सव?

रोमिओ-ज्युलिएटचं शहर म्हणून इटलीतलं व्हेरोना तुम्हाला माहीत असेल. पण सप्टेंबर महिन्यातल्या काही दिवसांत या शहराच्या जुन्या भागात गेलात, तर वेगळंच दृश्य दिसतं. रस्त्यांवर गाड्या नाहीत, चौकाचौकांत खेळ रंगलेत आणि एके ठिकाणी मोठी माणसं चक्क विटीदांडू खेळतायत!

हा आहे 'तोकाती', रस्त्यावरच्या पारंपरिक खेळांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. व्हेरोनाच्या बोलीभाषेत 'तोकाती' म्हणजे 'आता तुझी पाळी'.

इटलीत विटीदांडू कसा?

दोन्ही टोकांना निमुळता असलेला लाकडी तुकडा जमिनीवर ठेवायचा, काठीने टोकावर मारून तो हवेत उडवायचा आणि खाली पडायच्या आत जोरदार टोला हाणायचा. आपण याला विटीदांडू म्हणतो. उत्तर भारतात तो गिल्ली-डंडा, इटलीत 'लिप्पा' आणि व्हेरोनात 'स्चांको'. आशियापासून युरोपपर्यंत हा खेळ वेगवेगळ्या नावांनी खेळला जातो.

व्हेरोनात स्चांको खेळणाऱ्या काही मित्रांनी २००२ मध्ये एक संस्था काढली. तिचं नाव 'जोकी अंतिकी', म्हणजे 'जुने खेळ'. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, तोकाती सुरू झाला.

महोत्सवात नेमकं काय होतं?

महोत्सवाच्या काळात जुन्या शहरातले रस्ते आणि चौक खेळांसाठी मोकळे केले जातात. इटलीच्या वेगवेगळ्या भागांतून आणि इतर देशांतून खेळाडू आपापले खेळ घेऊन येतात. गावात पिढ्यानपिढ्या जे लोक तो खेळ खेळत आलेत, तेच इथे येतात. आणि फक्त बघून परत जायचं नसतं. येणारी मुलं आणि त्यांचे आईबाबाही खेळ शिकून घेतात, डाव मांडतात. सोबत त्या त्या भागातलं संगीत, नाच आणि खाणंपिणंही असतं.

युनेस्कोने दखल का घेतली?

डिसेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने तोकातीचा समावेश आपल्या 'जतनाच्या उत्तम पद्धतीं'च्या नोंदवहीत केला. इटलीसोबत बेल्जियम, फ्रान्स, क्रोएशिया आणि सायप्रस यांनी मिळून हा प्रस्ताव मांडला होता.

युनेस्कोची अमूर्त वारशाची जी यादी नेहमी बातम्यांत असते, तिच्यापेक्षा ही नोंदवही वेगळी आहे. त्या यादीत एखादी परंपरा नोंदवली जाते. या नोंदवहीत ती परंपरा टिकवण्याची पद्धत नोंदवली जाते, म्हणजे इतरांना ती आपल्याकडे वापरता यावी. थोडक्यात, इथे गौरव एखाद्या खेळाचा झालेला नाही. खेळांना पुन्हा रस्ता मिळवून देण्याच्या कल्पनेचा झालाय.

मग आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातल्या काही खेळांना मैदानं आणि नियमावली मिळाली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. आज कबड्डीची लीग आहे आणि २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कपही झाला. मंगळागौरीमुळे झिम्मा-फुगडीला निदान श्रावणात तरी हक्काची जागा आहे.

विटीदांडू, लगोरी, गोट्या यांचं तसं झालं नाही. हे खेळ गल्लीतले. गल्लीत दुतर्फा गाड्या उभ्या राहिल्या की विटी मारायची कुठे? काच फुटायची भीती आधी!

खेळासोबत शब्दही जातात. विटीदांडूत 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी मोजणी असते. आता तेलुगूतले एक ते चार आकडे बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. दोन शेजारी भाषांमधलं हे नातं मुलांनी खेळता खेळता जपलं. कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय. पण ही मोजणी तोंडी चालत आलेली. खेळणारंच कोणी उरलं नाही, तर ती पुढच्या पिढीला शिकवणार कोण?

रस्ते मोकळे करणं आपल्याला जमतच नाही, असंही नाही. तोकातीची युनेस्कोत नोंद झाली त्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट' उपक्रम सुरू केला. रविवारी सकाळी काही तास ठरावीक रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवून लोकांना चालायला, सायकल चालवायला आणि खेळायला दिले गेले.

व्हेरोनाकडून घेण्यासारखी पुढची पायरी सोपी आहे. अशा मोकळ्या रस्त्यावर विटीदांडू घेऊन एक आजोबा उभे करायचे आणि समोरच्या मुलाच्या हातात दांडू द्यायचा.

आता तुझी पाळी!