गोदामातली गाडी आणि मध्य प्रदेशचा शिक्का

कापसाच्या गावांची एक गंमत असते. जिनिंगच्या मागच्या आवारात, अडत्याच्या जुन्या वाड्यात, नाहीतर गोठ्याशेजारी टिनाच्या शेडखाली एखादी जुनी मोटारगाडी हमखास उभी असते. टपावर रिकामी पोती, बाजूला पऱ्हाट्यांचा ढीग आणि मागच्या सीटवर खुडूक बसलेली कोंबडी! घरातली पोरं तिच्यात बसून 'चला नागपूरला' खेळत मोठी होतात आणि घरची बाई दर दिवाळीला म्हणते, "हे भंगार काढा हो एकदाचं!"

पण मैत्रिणींनो, अलीकडे या भंगाराला गिऱ्हाईक येऊ लागलं आहे. आमचं पांढरकवडा नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं गाव. दोन्हीकडच्या शौकीन मंडळींसाठी जुन्या गाड्या हुडकणारे दलाल आता गल्लीबोळात चौकशी करतात. मग प्रश्न येतो, आपल्या दारातली गाडी नेमकी कोणती? कोणत्या सालची? घरात सांगतात ती तिची कहाणी खरी की ऐकीव? 'हा पुरुषांचा विषय' म्हणून आपण बाजूला होतो. अहो, पण त्या गाडीचे कागद कुठे असतात? आपल्याच कपाटात, शालूच्या घडीखाली!

आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे गेल्या उन्हाळ्यात असाच एक दलाल आला. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी सासऱ्यांच्या वेळची. दलालानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आर.सी. बुक चाळलं आणि तोंड वाकडं केलं. "इंजिन बदललेलं आहे. आणि हा शिक्का बघा, मध्य प्रदेश सरकारचा! गाडी यवतमाळ जिल्ह्यातली अन् कागद एमपीचा? दुसऱ्याच गाडीचं पुस्तक आहे हे. डुप्लिकेट माल. भंगाराच्या भावानं देत असाल तर उचलतो."

काकूंना पैशापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. संध्याकाळी पुस्तक पदराखाली घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "पोरी, तू शाळेत इतिहास शिकवतं ना? मंग सांग बरं मले, आमच्या मामाजीनं चोरीची गाडी घेतली होती काय वं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि गावातले एक जुने मेकॅनिक काका, असे तिघं त्या शेडमध्ये शिरलो.

लोखंड काय सांगतं?

काकूंच्या घरात गाडीची कथा अशी : मामाजींनी ती १९५१ साली घेतली आणि देशाच्या पहिल्या निवडणुकीत एक मोठे पुढारी तिच्यातून प्रचाराला फिरले. गाडी गोल, फुगीर अंगाची. अवघा महाराष्ट्र जिला लाडानं 'डुक्कर फियाट' म्हणतो, ती. पुढची दारं आजच्या गाड्यांच्या उलट उघडणारी.

जुन्या फोटोतल्या बाईच्या पोलक्याच्या बाह्या बघून आपण साल ओळखतो की नाही? गाडीचंही तसंच असतं. या गोल घाटाची फियाट ११०० इटलीतच १९५३ साली आली. आपल्याकडे मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीत, ती १९५४ पासून तयार होऊ लागली. १९६४ च्या सुमारास घाट बदलला आणि चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. तिचंच नाव १९७३ मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झालं. तेव्हा काकूंची गाडी १९५४ ते १९६४ या दहा वर्षांतली असणार, १९५१ ची असूच शकत नाही. कागद उघडण्याआधी नुसत्या आकारानंच एवढं सांगून टाकलं!

मग नंबर. प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो आणि इंजिनाचा नंबर इंजिनावर. काकांनी रॉकेलच्या बोळ्यानं धूळ पुसली आणि वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो ना, अगदी तस्सा आकडा उमटला. आरटीओतही छाप असाच घेतात. चुकूनही तिथे घासकागद लावू नका, आकडा पुसट झाला तर खऱ्या गाडीवरही संशय येतो. आकड्यांच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा जोड, एखादाच आकडा वेगळ्या वळणाचा किंवा कमी खोल, गंजलेल्या पत्र्यावर चकचकीत नव्या रिव्हेटनं बसवलेली पट्टी... यांपैकी काही दिसलं तर सावध व्हायचं.

काकूंच्या गाडीवर तसलं काही नव्हतं. चेसिस नंबर पुस्तकाशी आकड्याला आकडा जुळला. बाहेरून गाडी पांढरी, पण पुस्तकात रंग राखाडी लिहिलेला. काकांनी दाराचं रबर जरासं उचललं, डिकीतली सतरंजी सारली आणि आत जुना राखाडी रंग निघाला. रंगारी बाहेरून कितीही हात मारो, अशा सांदीकोपऱ्यात मूळ रंग राहतोच. साधा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवला, तर दोन ठिकाणी तो चिकटेना. तिथे गंज झाकायला पुट्टी भरलेली.

इंजिनाचा नंबर मात्र खरंच जुळला नाही. काकूंचा चेहरा पडला.

कागद काय सांगतो?

दलालानं फक्त पहिलं पान पाहिलं होतं. आम्ही सगळं पुस्तक पान उलटून वाचलं. पुढच्या एका पानावर इंजिन बदलल्याची नोंद होती. नवा नंबर, तारीख, खाली अधिकाऱ्याची सही. तोच नंबर आज गाडीत! इतक्या वर्षांत इंजिन बदलणं हा काही गुन्हा नाही. नोंद न करता बदललेलं असतं तर प्रश्न होता. नोंद केली की तो गाडीच्या इतिहासाचा भाग होतो.

राहिला तो शिक्का. पहिली नोंद १९५५ सालची आणि वर मध्य प्रदेश सरकारची मोहोर. इथे मात्र मला हसू आलं, कारण हा धडा मी दरवर्षी शिकवते. तेव्हा आपण होतो कुठे? इंग्रजी अमदानीत यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात. १९५० साली 'मध्य प्रांत व वऱ्हाड'चं मध्य प्रदेश झालं आणि त्याची राजधानी होती नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

म्हणजे १९५५ साली यवतमाळ जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीवर मध्य प्रदेशचाच शिक्का हवा. उलट त्या तारखेला 'महाराष्ट्र शासन' असतं, तर मी म्हटलं असतं की कागद बनावट आहे. पुढच्या पानांवर कराच्या नोंदी बघितल्या, तर आधी मुंबई सरकार, मग महाराष्ट्र. तीन राज्यांचे शिक्के एका पुस्तकात! गाडी शेडमधून हलली नाही, राज्यंच तिच्यावरून सरकत गेली. दलाल ज्याला खोटेपणाचा पुरावा म्हणत होता, तोच खरेपणाचा पुरावा निघाला. काकू दोनदा म्हणाल्या, "म्हणजे मामाजी खरे होते नं?"

आठवण काय सांगते?

पण आठवणीचा हिशेब बाकी होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तेव्हा ही गाडी जन्मलीच नव्हती. त्यामुळे पुढारी या गाडीत बसले ते पहिल्या निवडणुकीत नक्कीच नाही. काकू जरा नाराज झाल्या. मी म्हटलं, "काकू, मामाजी खोटं बोलले असं नाही. दुसरी निवडणूक १९५७ ची. तेव्हा गाडी दारात होती. सांगता सांगता साल सरकलं असेल." आठवणीचं असंच असतं. माणसं खरी, प्रसंगही खरा असू शकतो, पण साल घसरतं.

मग फोटोंची पेटी निघाली. पुढाऱ्यांचा फोटो काही सापडला नाही. सापडला तो काकूंच्या नणंदेच्या लग्नाचा. फुलांनी सजवलेली हीच गाडी आणि नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का आणि १९५८ साल. आम्ही एका वहीत लिहून ठेवलं : 'लग्नाची वरात : पुरावा आहे. पुढाऱ्यांचा प्रचार : घरात असे सांगतात, पुरावा नाही.' जुन्या गाडीच्या व्यवहारात हे दोन रकाने वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं. ऐकीव गोष्ट खरी म्हणून विकली आणि उद्या ती खोटी ठरली, तर शब्द आपला जातो.

पुरावा कसा असावा, याचं माझ्या आवडीचं उदाहरण म्हणजे लालबहादूर शास्त्रींची फियाट. पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ मध्ये ती घेतली. किंमत बारा हजार. जवळ सात हजार होते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. १९६६ मध्ये शास्त्रीजी गेले आणि ते कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात जपलेली आहे. ती कुणाची, हे सांगायला दंतकथा लागत नाही. बँकेचं कर्ज आणि एका बाईनं फेडलेले हप्ते पुरेसे आहेत.

सगळं बदललं तरी 'तीच' का?

इंजिन बदललं, रंग बदलला, मग गाडी तीच कशी, असं वाटेल. हा वाद लंडनच्या हायकोर्टातही गेला होता. बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' नावाच्या गाडीनं फ्रान्समधली ल मान्सची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. पुढे १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. पण 'मूळचे भाग फारसे उरलेच नाहीत, ही ती गाडी नव्हे' म्हणत घेणारा मागे हटला. न्यायाधीशांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. भाग बदलत गेले हे खरं, पण गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही आणि 'मीच ती' म्हणू शकेल अशी दुसरी गाडीही नाही, तेव्हा हीच अस्सल!

आपल्याला हे कोर्टाशिवायही कळतं. आजीच्या गोधडीला आईनं ठिगळ लावलं, मग आपण लावलं, तरी ती आजीचीच गोधडी. अट एकच, ठिगळं कुणी कधी लावली ते ठाऊक हवं.

आधी नाव, मग भाव

सगळ्यात मोठी अडचण मात्र गाडीत नव्हतीच. पुस्तकावर नाव अजून मामाजींचं! ना मुलाच्या नावावर झाली, ना सुनेच्या. आपल्याकडे शेतीचा फेरफार लोक धावत जाऊन करतात, गाडीचा राहून जातो. नियम असा की मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती लागते. उशीर झाला असेल तरी कार्यालयात जाऊन विचारावं. गाडीच्या नोंदीचा अधिकृत उतारा, ज्याला 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात, तोही मागावा.

आणि दलालानं पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही? मुळीच नाही! नाव बदलत नाही तोवर, गाडी कुणीही चालवो, कायद्याच्या लेखी जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं आहे.

आणखी एक सोय माहीत असू द्या. जुलै २०२१ पासून 'विंटेज' गाड्यांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, फार फेरफार न केलेली गाडी यात बसते. तपासणी समिती पाहणी करते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आहे, दहा वर्षांची मुदत असते आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही गाडी रोज बाजारहाटाला मात्र नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

काकूंनी आधी यवतमाळच्या आरटीओत वारसाचे कागद दिले. महिन्याभरानं दलाल पुन्हा आला. काकूंनी त्याला अंगणातच खुर्ची दिली, चहा दिला आणि वही समोर ठेवली : चेसिसचा छाप, इंजिनाची नोंद, तीन राज्यांचे शिक्के, वरातीचा फोटो. "पुढाऱ्याची गोष्ट सोडून दे बाप्पा, तिचा पुरावा नाही. बाकी सारं वाच. अन् गाडी माह्या नावावर झाल्याबिगर भाव बोलू नोको." डुप्लिकेट हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. पहिल्यापेक्षा बराच वरचा आकडा मात्र स्वतःहून बोलला. काकूंनी अजून होकार दिलेला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात जुनी गाडी, स्कूटर, जीप काहीही असेल, तर एक दुपार तिच्यासाठी काढा. नंबरांचा छाप घ्या, पुस्तकाचं प्रत्येक पान वाचा आणि त्याच्या झेरॉक्स काढा. जुने फोटो शोधून त्यांच्या मागे नावं-सालं लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, कारण पत्रा वाट पाहतो, माणसं पाहत नाहीत. विकण्याआधी चकचकीत रंग मारू नका, खुणा त्या जुन्या रंगाखालीच असतात. आणि पुस्तकावर नाव कुणाचं आहे, हे सगळ्यात आधी बघा.