ध्रुवपद नेत्यांचं, कडवी लोकांची

१९ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन प्रचारासाठी न्यू जर्सीतल्या हॅमंटनला आले. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन हे याच राज्याचे. त्यांचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हा अल्बम जूनमध्ये आला होता आणि देशभर गाजत होता. अमेरिकेचं भविष्य या भूमिपुत्राच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशात आहे, असं रेगन यांनी भाषणात सांगितलं. सभेनं टाळ्या वाजवल्या.

अल्बमच्या शीर्षकगीताचं ध्रुवपद मूठ वर करून म्हणावं असंच आहे. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक बोलतो. त्याला कारखान्यात काम मिळत नाही, माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीत दाद लागत नाही, आणि जावं कुठे हेही समजत नाही. याच गाण्याचं पहिलं रूप स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये घरी, एकट्यानं गिटारवर ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यात ही वेदना उघडी आहे. अल्बममध्ये तिच्यावर ड्रम आणि सिंथेसायझरचा गजर चढला आणि ऐकणाऱ्यांना जयघोष तेवढा ऐकू आला.

काही दिवसांतच पिट्सबर्गच्या मैफलीत स्प्रिंगस्टीन यांनी उत्तर दिलं. आपल्या अल्बमांपैकी राष्ट्राध्यक्षांचा आवडता ‘नेब्रास्का’ नसावा, अशा अर्थाचं बोलून ते त्यातलंच ‘जॉनी ९९’ गायले. मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर बेकार झालेला तरुण दारूच्या भरात गोळी झाडतो आणि न्यायाधीश त्याला ९९ वर्षांची शिक्षा ठोठावतो, अशी ती कहाणी. पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथल्या भट्ट्या तेव्हा एकेक करून थंड होत होत्या. समोरच्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तरीही नोव्हेंबरात रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. न्यू जर्सीही त्यांनाच मिळालं.

गाणं भाड्यानं, सदिच्छा फुकट

प्रचारात गाणी वापरण्याची रीत जुनी आहे. १८४० मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या समर्थकांनी चौकाचौकांत गाणी म्हणून प्रचार केला. १९३२ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पक्षानं ‘हॅपी डेज आर हिअर अगेन’ उचललं. १९६० मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी आपल्या ‘हाय होप्स’ला नवे शब्द देऊन ते जॉन केनेडींसाठी गायलं. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी फ्लीटवूड मॅकचं ‘डोंट स्टॉप’ निवडलं, आणि फुटलेला तो बँड त्यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात पुन्हा एकत्र वाजला.

या गाण्यांत उमेदवाराला हवी असते ती एक ओळ. कर, रोजगार, युद्ध यांवर भाषणाला कितीही वेळ लागो, ओळखीची चाल दोन क्षणांत हजारोंना एका तालावर आणते. गायकावरच्या वर्षानुवर्षांच्या प्रेमाचा थोडा वाटा मग व्यासपीठावरच्या माणसाच्या पदरात पडतो.

गायकाची परवानगी लागत नाही का? सभेत गाणं वाजवण्याचे परवाने अॅस्कॅप आणि बीएमआय यांसारख्या संस्था घाऊक देतात. एका परवान्यात लाखो गाणी येतात, त्यामुळे प्रत्येक गायकाला विचारलं जात नाही. राजकीय परवान्यातून आपलं गाणं काढून घेण्याची सोय गीतकार-संगीतकारांना आहे, पण ती वापरेपर्यंत गाणं बरेचदा वाजून गेलेलं असतं. जाहिरातीत किंवा चित्रफितीत गाणं घ्यायचं तर नियम कडक आहेत. तिथे मालकाची वेगळी संमती लागते. म्हणूनच गायक जॅक्सन ब्राउन यांनी आपलं गाणं जाहिरातीत वापरल्याबद्दल २००८ मध्ये उमेदवार जॉन मॅकेन आणि त्यांच्या पक्षावर खटला भरला आणि पुढच्या वर्षी माफीसह तडजोड झाली. एडी ग्रँट यांच्या ‘इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू’च्या विनापरवाना वापराबाबत २०२४ मध्ये न्यायालयानं डोनाल्ड ट्रम्प यांना जबाबदार धरलं. कायद्यानं गायकाची मालमत्ता राखली जाते. गाण्याचा अर्थ राखणं कायद्याच्या हातात नाही.

गाण्यानं नेता बोलका केला

अर्थ राखला जातो तो गाणाऱ्यांकडून. १९४५ च्या सुमारास साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये तंबाखू कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रिया संपाच्या वेळी एक जुनं भजन आपल्या शब्दांत गात. टेनेसीतल्या हायलँडर या शाळेत झिल्फिया हॉर्टन यांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतलं. लोकगायक पीट सीगर यांनी ते दूरवर नेलं. १९६० मध्ये गाय कॅरावन यांनी ते नागरी हक्कांच्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांना शिकवलं. हेच ‘वुई शॅल ओव्हरकम’. गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपांतरामुळे, ‘हम होंगे कामयाब’ म्हणून, ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्याही ओठी आहे.

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले आणि त्या गाण्याचेच शब्द आपल्या भाषणात उच्चारले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर त्यांची सही झाली. हे गाण्यामुळे घडलं असं म्हणणं पुलावर मार खाणाऱ्यांवर अन्याय ठरेल. पण तुरुंगात आणि मोर्चात माणसांना एकत्र धरून ठेवलं ते या गाण्यानं, आणि सत्तेला त्यांच्याच भाषेत बोलावं लागलं.

या गाण्यावरही कंपन्यांनी स्वामित्वहक्क सांगितला होता. न्यायालयीन वादानंतर २०१८ मध्ये ते सर्वांसाठी मोकळं झालं, आणि ते योग्यच झालं. उमेदवार सभेपुरतं उसनं घेतात ते गाणं निकालानंतर मागे पडतं. ज्यांनी आपल्या गरजेपोटी गाणं रचलं आणि गायलं, त्यांचं ते गाणं मात्र नेत्यांना ऐकावं लागतं, कधी शिकावंही लागतं. अमेरिकी राजकारणात संगीताचं मोल मोजायचं असेल, तर ते याच मापानं मोजायला हवं.