कलम ५६ आणि जिन्याखालची मीटरपेटी

मार्च सरत आलाय, वसुलीचे दिवस. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत जिन्याखालच्या मीटरपेटीसमोर लाइनमन उभा आहे. एका हातात थकबाकीदारांची यादी, दुसऱ्यात टेस्टर. यादीत तळमजल्यावरच्या काकूंचं नाव. बाकी १८,६४० रुपये.

"अहो दादा, नऊशेच्या वर बिल कधी गेलंच नाही आमचं!" काकू कणकेच्या हातानंच बाहेर आल्यात. बिलावर बोटांचे पांढरे ठसे उमटलेत, नेमके जिथे मीटरच्या फोटोची जागा कोरी आहे तिथे. कित्येक महिने रीडिंगच घेतलेलं नाही.

"मोबाईलवर मेसेज गेलाय, मावशी."

"तो नंबर ह्यांचा. हे जाऊन दोन वर्षं झाली."

वरून नाना उतरतात. युनियनच्या मोर्चांत उमर गेलेली. आवाज अजून वाशी मार्केटमधलाच. "नोटीस दाखव. कागदावरची. वीज कायदा २००३, कलम ५६. पुरते पंधरा दिवस आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईट तोडता येत नाही. बिलावर तक्रार असेल तर निषेध नोंदवून पैसे भरायचे. मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीनं होणारी, यातली जी कमी असेल ती. वाद मिटेपर्यंत लाईट चालू."

लाइनमन फोन लावतो. कंत्राटी पोरगा, ह्याच्याही मानेवर टार्गेट. "साहेब म्हणतात, आजच अर्ज द्या आणि सरासरीनं भरा." टेस्टर खिशात जातो.

नाना खुशीत आहेत. मला मार्च २०२१ आठवतो. लॉकडाउनमधल्या बिलांवरून गदारोळ. २ तारखेला अजित पवारांनी विधानसभेत वीजतोडणीला स्थगिती जाहीर केली, आणि १० तारखेला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ती उठलीसुद्धा. आठ दिवसांची माया. कलमातली सवलत बिलावर वाद घालणाऱ्याला आहे. बिल कबूल, पण खिशात पैसेच नाहीत, अशाला फक्त ते पंधरा दिवस.

लाइनमनचं बोट यादीवर खाली सरकतं. दुसरा मजला, रिक्षावाला. तीन बिलं थकलीत, रीडिंग बरोबर, नोटीस मिळाल्याची सहीही आहे.

"नाना, बघा ना काहीतरी."

नाना नोटीस उलटसुलट करून वाचतात, बोटांवर दिवस मोजतात. सतरा भरतात. ते पुन्हा मोजतात.

"परत जोडायचे पैसे वेगळे लागतील हां," लाइनमन फ्यूज काढता काढता सांगतो. "पावती घेऊन पाचच्या आत ये, नाहीतर आज काय होणार नाही."