सेवा शोध (संगणक जाळे)

सेवा शोध म्हणजे जाळ्यातील छपाई, फाइल-साठा यांसारख्या सेवा कोणत्या यंत्रावर व कोणत्या पोर्टवर उपलब्ध आहेत, हे संगणकाने आपोआप शोधून काढण्याची पद्धत होय. ही सोय नसलेल्या कार्यालयात आयपी पत्ते वहीत नोंदवलेले किंवा प्रिंटरवर चिकटवलेले आढळतात. डीएचसीपीने पत्ता बदलला की ती नोंद निरुपयोगी ठरते. सेवा शोधात नाव कायम राहते, त्यामागचा पत्ता बदलू शकतो.

इतिहास

ॲपल कंपनीच्या १९८५ मधील ॲपलटॉक जाळ्यात प्रिंटर नावाने सापडत असे. तीच सुलभता आयपी जाळ्यात आणण्यासाठी आयईटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेत १९९९ मध्ये 'झिरोकॉन्फ' कार्यगट स्थापन झाला. त्यात स्टुअर्ट चेशायर यांचा पुढाकार होता. ॲपलने २००२ मध्ये ही पद्धत 'राँदेव्हू' नावाने आणली. व्यापारचिन्हाच्या वादानंतर २००५ मध्ये तिचे नाव 'बोंजूर' झाले. लिनक्सवर हेच काम 'अवाही' करते. संबंधित मानके फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ व ६७६३ या क्रमांकांनी प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती

छपाई हवी असलेला संगणक २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर, छपाईची सेवा कोण देते असा प्रश्न एकाच वेळी सर्वांना विचारतो. उत्तरातील पीटीआर नोंद सेवेचे नाव सांगते, एसआरव्ही नोंद यंत्राचे नाव व पोर्ट सांगते आणि टीएक्सटी नोंदीत रंगीत छपाईसारखे तपशील असतात. मध्यवर्ती सर्व्हरची गरज नसते.

लिनक्स सर्व्हरवर अवाही चालू करून सेवेचे नाव, प्रकार व पोर्ट लिहिलेली छोटी एक्सएमएल फाइल ठेवली की सेवा जाहीर होते. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३५३ खुले करावे लागते. ते राहून गेल्यास सेवा चालू असूनही कोणालाच दिसत नाही.

देवनागरी नावे

सेवेचे नाव यूटीएफ-८ मध्ये असल्याने ते देवनागरीत देता येते. मात्र ६३ ही कमाल मर्यादा अक्षरांची नसून बाइटांची आहे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे बसतात. रोमन लिपीच्या तुलनेत ही अडचण मोठीच आहे. 'औरंगाबाद प्रिंटर' या नावाला ४६ बाइट लागतात. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलल्यानंतर तेथील कार्यालयाने 'छत्रपती संभाजीनगर प्रिंटर' असे नाव द्यायचे ठरवले, तर ते ७१ बाइटांचे होऊन मर्यादेबाहेर जाते, 'छ. संभाजीनगर प्रिंटर' मात्र ५४ बाइटांत बसते. नाव बदलले तरी यंत्राचा पत्ता व पोर्ट तेच राहतात.

मर्यादा

हा सामायिक प्रश्न राउटर ओलांडत नाही. शहरातील कार्यालयातून वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा सर्व्हर या मार्गाने दिसणार नाही. त्यासाठी त्याच नोंदी कार्यालयाच्या नेहमीच्या डीएनएस सर्व्हरवर ठेवाव्या लागतात. कार्यालयाचे अंतर्गत डोमेन आधीपासून 'डॉट लोकल' असेल, तर नावांचा गोंधळ होतो, कारण हा प्रत्यय याच पद्धतीसाठी राखीव आहे. वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडल्यास त्याच्या सेवेचे नाव इतर संगणकांच्या यादीत ७५ मिनिटांपर्यंत दिसत राहू शकते.

या पद्धतीत ओळख पडताळण्याची सोय नाही. जाळ्यावरील कोणताही संगणक स्वतःला लेखा विभागाचा सर्व्हर म्हणून जाहीर करू शकतो. त्यामुळे पासवर्ड व प्रमाणपत्र यांची तपासणी मूळ सेवेनेच करावी लागते आणि पाहुण्यांचे वाय-फाय वेगळ्या जाळ्यावर ठेवले जाते.