रक्ताला श्वास आणि ऊब देणारें यंत्र

बीडजवळच्या पाली गावापाशीं बिंदुसरा नदीला बांध घालून पाणी अडविलें आहे. नदीच्या पात्रांत बांधकाम करावयाचें तर पाणी आधीं बाजूनें काढून द्यावें लागतें, हें त्या भागांतील शेतकऱ्याला सांगावयास नको. हृदय उघडून त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनाची अडचण नेमकी हीच. फरक इतकाच कीं, खालचीं गावें चार दिवस कशींबशीं तग धरतील. मेंदू रक्तावांचून चार मिनिटेंहि धड राहत नाहीं.

अशा गावांतील एखाद्या शाळकरी मुलाच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतःच भोंक असतें. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलें तपासतात, आणि छातीला नळी लावतांच जो वेगळा ध्वनि ऐकूं येतो त्यावरून पुष्कळदां हा दोष प्रथम उमगतो. मग मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तेथें सर्जन सांगतात कीं, मुलाचें हृदय कांहीं काळ थांबवावें लागेल. हें ऐकून आईबापांच्या तोंडचें पाणी पळालें तर नवल नाहीं. हृदय थांबलें म्हणजे माणूस गेला, हें पिढ्यान् पिढ्या खरेंच होतें. तें खोटें ठरविलें तें एका यंत्रानें.

यंत्राची मांडणी वाटते तितकी गूढ नाहीं. हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरांत नळ्या घालून काळसर रक्त खालच्या भांड्यांत उतरवितात. उताराचें पाणी वाहतें तसें तें आपोआप येतें. तेथून पंप तें उचलतो, कृत्रिम फुप्फुसांतून ढकलतो आणि महारोहिणींत सोडतो. प्रौढ माणसांत दर मिनिटास चार ते पांच लिटर रक्त असें फिरतें ठेवावें लागतें. परक्या पृष्ठभागाला लागलेलें रक्त गोठूं लागतें, म्हणून आधीं हेपॅरिन हें औषध देतात. १९१६ मध्यें त्याचा शोध लागला नसता, तर पुढची सारी कल्पना कागदावरच राहिली असती.

पंप करणें सोपें. फुप्फुस करणें कठीण. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टन येथें जॉन गिबन ह्या तरुण डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत एक स्त्री फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकून मरण पावली. तिचें काळवंडलेलें रक्त बाहेर काढून, लाल करून, परत देतां आलें असतें तर? ह्या प्रश्नापायीं गिबन व त्यांच्या पत्नी मेरी यांनीं पुढील दोन दशकें खर्ची घातलीं. त्यांच्या यंत्रांत रक्त जाळीच्या उभ्या पडद्यांवरून पातळ थरानें ओघळे व प्राणवायु शोषून घेई. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्याच्या आधारावर १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील भोंक शिवण्यांत आलें. पुढचे रोगी मात्र वांचले नाहींत, आणि गिबन ह्या कार्यांतून बाजूस झाले.

त्यानंतरचा प्रयोग तर अंगावर कांटा आणणारा होता. १९५४ मध्यें मिनिआपोलिस येथें वॉल्टन लिलेहाय यांनीं यंत्र बाजूस ठेवून मुलाचें रक्त बहुधा त्याच्या बापाच्या किंवा आईच्या शरीरांतून फिरवून आणलें. अशा ४५ रोग्यांपैकीं २८ बरे होऊन घरीं गेले. एका शस्त्रक्रियेंत दोन जीव टांगणीला लावणारी ही पद्धति टिकणें शक्य नव्हतें. १९५५ मध्यें त्यांचेच सहकारी रिचर्ड डिवॉल यांनीं साध्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत रक्तामधून प्राणवायूचे बुडबुडे सोडण्याची युक्ति काढली. ती स्वस्त असल्यामुळें जगभर पसरली. भारतांत १९६१ मध्यें वेलूर येथें डॉ. एन. गोपीनाथ यांनीं यंत्राच्या साह्यानें हृदय उघडून शस्त्रक्रिया यशस्वी केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. पी. के. सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें हृदयारोपणाचें धाडस केलें. रोगी कांहीं तासांतच दगावला. परंतु जगांतील पहिल्या अशा प्रयत्नांपासून तीन महिनेहि लोटले नव्हते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या धाडसाची किंमत कळते.

बुडबुडे रक्तकणांना इजा करितात. म्हणून आजच्या यंत्रांत केसासारख्या बारीक, पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. धाग्यांच्या आंतून वायु जातो, बाहेरून रक्त वाहतें. भिंतींतील अतिसूक्ष्म छिद्रांतून प्राणवायु आंत शिरतो व कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. मानवी फुप्फुसांचें क्षेत्रफळ सुमारें ७० चौरस मीटर, तर ह्या जुडग्याचें जेमतेम दोन. तरी निजलेल्या, भूल दिलेल्या माणसाची गरज त्यांत भागते.

उष्णतेची बाब दुय्यम वाटेल, पण तशी ती नाहीं. शरीर थंड झालें कीं त्याची प्राणवायूची भूक मंदावते. २८ अंश सेल्सिअसला ती जवळजवळ निम्म्यावर येते. सर्जनाला तेवढाच अवसर मिळतो. ऊन दुधाचें पातेलें गार पाण्यांत ठेवतात, तीच युक्ति येथें आहे: पातळ भिंतीच्या एका बाजूस रक्त, दुसऱ्या बाजूस पाणी. पाणी गार केलें कीं रक्त निवतें, कोमट केलें कीं तापतें. १९५८ पासून अशीं उष्णता-विनिमयाचीं साधनें वापरांत येऊं लागलीं. आतां तीं कृत्रिम फुप्फुसाच्या डब्यांतच बसविलेलीं असतात.

निवविणें सोपें, तापविणें जोखमीचें. सोड्याची बाटली उन्हांत उघडली तर ती उसळते, कारण ऊन द्रवांत वायु विरघळून राहत नाहीं. थंड रक्त एकदम तापविलें तर त्यांतहि बुडबुडे सुटण्याची भीति असते. म्हणून पाणी व रक्त यांत सुमारें १० अंशांहून अधिक अंतर पडूं देत नाहींत, आणि रक्त ३७ अंशांपलीकडे नेत नाहींत. यंत्रांतून येणारें ऊन रक्त आधीं मेंदूला गांठतें, आणि मेंदूला ताप सोसत नाहीं. हें सारें ज्याच्या हातीं असतें तो परफ्यूजनिस्ट. सर्जनाचें नांव होतें, ह्याचें नांव रोग्याच्या घरच्यांना बहुधा ठाऊकहि नसतें.

त्या पाण्यानेंहि एकदां दगा दिला. २०१५ च्या सुमारास युरोपांत व नंतर अमेरिकेंत असें उघडकीस आलें कीं, पाणी तापविणाऱ्या टाकींत वाढलेले एका जातीचे जंतु पंख्याच्या झोतानें तुषारांवाटे उघड्या छातीपर्यंत पोंचले होते. रक्ताला पाण्याचा थेंबहि शिवला नव्हता. रोग महिन्यांनीं, कांहींना वर्षांनीं प्रकट झाला. टाकी स्वच्छ राखणें व तिचा झोत रोग्यापासून दूर वळविणें ह्यावर तेव्हांपासून फार कटाक्ष असतो.

भोंक शिवून झालें, शरीर पुरतें तापलें, कीं हृदय पुनः ठोके देऊं लागतें. यंत्राचा प्रवाह थोडा थोडा कमी करीत भार हृदयावर सोंपवितात. मग प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवितात. यंत्रांत उरलेलें रक्त शक्य तितकें रोग्यालाच परत देतात. नळ्या व धाग्यांचा जुडगा मात्र एकाच रोग्यापुरता असतो.