येईन, येणार आहे, येतो : इंग्रजी भविष्यकाळाची गोम

आपल्या हुबळी-धारवाडात घरून निघताना पाहुणा म्हणतो, 'बरं, येतो.' शेजारचे कानडी काका म्हणतात, 'बर्तीनी.' दोघेही जायला निघालेले, पण बोलतात येण्याचे, आणि तेही वर्तमानकाळात! बोली कानडीत 'नाळे होग्तीनी' म्हणजे उद्या जाईन. आपणही 'उद्या जातो' म्हणतोच. ही सवय इंग्रजीत उतरली की घोटाळा होतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलाने नोकरीच्या पत्राला उत्तर लिहिले, 'आय ॲम जॉइनिंग ऑन द फर्स्ट.' त्याच्या मनात होते, 'एक तारखेला येतो, बघू.' कंपनीने ते पक्के धरले. इकडे जुन्या नोकरीचा राजीनामाही दिलेला नव्हता. पुढे बरीच पत्रापत्री झाली.

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. 'खा'चे 'खाईन' होते, तसे 'ईट'चे काही होत नाही. 'विल' पुढे ठेवायचे आणि मूळ क्रियापद जसेच्या तसे : 'ही विल गो'. 'विल गोज' नाही, 'विल वेंट' तर नाहीच. पण 'विल' एवढाच भविष्यकाळ नव्हे. आत्ता मनात आले किंवा वचन दिले, तर 'येईन', म्हणजे 'आय विल कम'. आधीच ठरवले असेल तर 'येणार आहे' : 'आय ॲम गोइंग टू कम'. दोन्ही बाजूंनी ठरून तारीख पडली असेल, तरच 'आय ॲम कमिंग'. गाडीच्या वेळापत्रकाला मात्र साधा वर्तमानकाळ चालतो : 'द ट्रेन लीव्हज टुमारो मॉर्निंग'. 'येईन' आणि 'येणार आहे' यांतला फरक मराठी मुलाला घरीच कळलेला असतो. तेवढा धागा धरून शिकवावे, नियम पाठ करून घेण्यात अर्थ नाही, असे आम्हांला वाटते.

'उद्या या वेळी आम्ही मिरजेच्या गाडीत बसलेले असू' याला 'वी विल बी सिटिंग', आणि 'तोवर जेवण झालेले असेल' याला 'वी विल हॅव ईटन'.

सर्वांत जास्त चुका 'इफ' आणि 'व्हेन' यांच्यापाशी. 'इफ इट विल रेन' असे चांगली शिकलेली माणसेही लिहितात. खरे तर आपणही 'पाऊस येईल तर' म्हणत नाही, 'पाऊस आला तर' म्हणतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते : 'इफ इट रेन्स, वी विल स्टे होम'. 'विल' दुसऱ्या अर्ध्या भागात.

राहिले 'शॅल'. बोलण्यात ते आता फारसे येत नाही, पण कर्जाच्या करारात हटकून येते. बँकेत आम्ही हे रोज पाहत होतो. 'द बॉरोअर शॅल रिपे' म्हणजे कर्जदार फेडील असा अंदाज नव्हे. त्याने फेडलेच पाहिजे. सही करण्यापूर्वी मुलांना हा एक शब्द जरूर दाखवा.